ठोका ज्याचा त्याचा

"कलम अकरा मला मोठ्यानं वाचून दाखवावंच लागतं, काकू. कायदा आहे तसा," तस्लीम बागवान म्हणाली आणि तिनं टेबलाच्या काचेत उमटलेला करार बोटानं मोठा केला.

साताऱ्याच्या मंगळवार पेठेतला बागवान फोटो स्टुडिओ तिच्या वडिलांनी काढलेला. ते गेल्यावर तस्लीमनं तो हातात घेतला आणि आता आसपासच्या तालुक्यांतली निम्मी लग्नं तिच्याकडंच असायची. तिच्यासमोर सुलभा नलावडे बसली होती आणि शेजारी तिची लेक स्वराली. स्वरालीचं लग्न फलटणच्या भोइट्यांच्या केदारशी ठरलं होतं. कार्यालय, आचारी, बँड सगळं पक्कं झालं होतं. राहिला होता फोटोग्राफर, आणि फोटोग्राफर म्हणजे हल्ली स्पंदनपट.

स्पंदनपट नसलेलं लग्न त्या साली शोधूनही सापडलं नसतं. हृदय आकुंचन पावलं की रक्ताची एक लाट चेहऱ्याच्या कातडीखालच्या केसाहून बारीक वाहिन्यांपर्यंत पोचते. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषून घेतं, त्यामुळं त्या क्षणी चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो आणि लाट ओसरली की पूर्ववत होतो. डोळ्याला हे दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतं. शास्त्रज्ञांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती; पण गर्दीत, हलत्या चेहऱ्यांवर, मांडवातल्या रंगीबेरंगी उजेडात तो बदल नेमका पकडणं जमत नव्हतं. 'लयबिंदू' नावाच्या कंपनीनं ते जमवलं. मांडवाच्या झालरीत त्यांचे बोराएवढे कॅमेरे लावले की आलेल्या प्रत्येक माणसाचा प्रत्येक ठोका चित्रासोबत टिपला जायचा. मग चित्रपट बघताना मनगटात एक पातळ कडं घालायचं. पडद्यावर ज्याच्याकडं बघाल त्याचे ठोके कड्यातून आपल्या मनगटावर पडायचे. अंतरपाट बाजूला होताना नवऱ्या मुलाच्या छातीत कसं धडधडत होतं, हे त्याच्या नातवंडांनाही हाताला कळणार होतं.

स्वरालीला त्याचंच वेड लागलं होतं.

तस्लीमनं कलम वाचलं. भाषा वकिली होती, अर्थ मात्र सरळ होता. समारंभाला आलेल्या सगळ्यांच्या शरीराच्या नोंदी कंपनीच्या मालकीच्या राहणार होत्या, आणि कंपनी त्या इतर संस्थांना देऊ शकणार होती.

"इतर संस्था म्हणजे कोण?" सुलभानं विचारलं.

तस्लीम म्हणाली, "विमा कंपन्या घेतात. नोकऱ्या देणारे घेतात. खोटं कशाला सांगू?"

"सगळे सही करतात, आई," स्वराली म्हणाली. "माझ्या ऑफिसातल्या प्रत्येकीनं केलीय."

"करत असतील. मला जरा विचार करू दे," असं म्हणून सुलभा उठली.

सुलभा कृष्णाकाठ सहकारी परिवहन संस्थेत ड्रायव्हर होती. सपाट रस्त्यावरच्या बसगाड्या केव्हाच आपल्या आपण धावू लागल्या होत्या. पण घाटात सुकाणूवर माणूसच पाहिजे हा नियम अजून शाबूत होता. धुकं, दरड, वळणावर अचानक समोर आलेली म्हशींची रांग, यांच्यापुढं यंत्र अजून गोंधळायचं. साताऱ्याहून मेढ्यामार्गे केळघर घाटातून महाबळेश्वरला जाणारी गाडी सुलभाकडं होती. ती घाट चढायला लागली की मागं बसलेली माणसं निर्धास्त झोपायची. या गोष्टीचा तिला मनातून फार अभिमान होता आणि तो ती लपवायचीही नाही. नवरा वसंत मसाल्याची गिरणी चालवायचा. पाहुण्यांत बसला की तो हसत सांगायचा, "आमच्या घरात दोन मोटारी आहेत. एक माझी, जागेवर फिरणारी. दुसरी हिची, डोंगर चढणारी."

कलम अकरा ऐकताना सुलभाला आठवला तो तिच्याच डेपोतला हणमंत जगदाळे. पुतण्याच्या लग्नात अंगात ताप असताना वरातीपुढं नाचला होता. पुढं काही महिन्यांनी संस्थेच्या विमा कंपनीनं कळवलं की या चालकाचा विमा उतरवता येणार नाही. कारण विचारलं तर सांगितलं नाही. आता हणमंत डेपोत गाड्या धुवायच्या यंत्रावर उभा असायचा. त्याची नाडी कुणी, कुठं, कशी पाहिली हेच त्याला माहीत नव्हतं, तर तो उत्तर काय देणार?

पण हणमंत हे अर्धंच कारण होतं. उरलेलं सुलभानं घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. पावसाळा संपल्यापासून अधूनमधून तिच्या छातीत काहीतरी फडफडायचं. पाण्यातल्या मासळीनं उलटी कोलांटी मारावी तसं. थोडा वेळ राहायचं आणि जायचं. एकदा घाटात एका वळणावर तिनं गाडी बाजूला घेतली होती आणि प्रवाशांना सांगितलं होतं, चाक बघते म्हणून.

पुढच्या खेपेला मायलेकींबरोबर स्टुडिओत विहीणबाईही आल्या. प्रमिलाताई भोइटे साताऱ्यात साड्यांच्या खरेदीला आल्या होत्या. बाई हौशी आणि मायाळू. स्वरालीला त्यांनी पहिल्या दिवसापासून लेकीसारखं जवळ घेतलेलं. फक्त एक होतं. सुलभाची ओळख करून देताना त्या "आमच्या विहीणबाई परिवहन संस्थेत आहेत" असं म्हणायच्या आणि पुढचा शब्द गिळायच्या.

"तस्लीम, मला तो ठोक्यांचा प्रकार नकोच," सुलभा म्हणाली. "साधं चित्रीकरण कर. पूर्वी व्हायचं तसं."

"काकू, त्यानं काही फरक पडत नाही." तस्लीमनं भिंतीवर एका लग्नाचं साधं चित्रण लावलं. एक म्हातारे गृहस्थ पाटावर बसून हसत होते. तिनं कळ फिरवली तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगाचा बदल शंभरपट झाला आणि आजोबांचा चेहरा लाल, पांढुरका, लाल, पांढुरका असा लपलपू लागला. प्रमिलाताई "अगं बाई!" म्हणून मागं सरल्या.

"बघितलंत? कुठल्याही स्वच्छ चित्रात नाडी असतेच. साधं म्हणा, नाहीतर स्पंदनपट म्हणा. लग्नांत लावते ते सगळे कॅमेरे कंपनीनं दिलेले. चित्र निघालं की ते थेट त्यांच्या साठ्यात जातं. तुम्हाला कडं नको असेल तर मी देणार नाही, पण नाडी त्यांच्याकडं पोचलेलीच असणार."

"म्हणजे कलमच बदलायला पाहिजे."

"कंपनी कलम बदलत नाही."

"कंपनीला कोण विचारतंय? मी तुला विचारतेय. करार तुझ्या-माझ्यात होणार ना?"

मध्येच प्रमिलाताई बोलल्या. "विहीणबाई, एवढं काय त्यात? आपली नाडी कुणी पाहिली तर झिजणार आहे का? आमच्या थोरल्या पुतण्याच्या लग्नाचा पट दुसऱ्या दिवशी सकाळी तयार होता. सगळी भावकी बसून बघत होती. केदारच्या लग्नाला तेवढं तरी पाहिजे की नको?"

"तुमची हौस मला कळते, ताई. पण आपल्या मांडवात येणारी माणसं जेवायला, आशीर्वाद द्यायला येणार. त्यांच्या अंगातलं काही काढून घेऊन ते विकायची परवानगी मी कशी देऊ? ते काय माझं आहे?"

प्रमिलाताईंनी पर्स मिटली. त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी ओळखायला कुठलंही यंत्र लागलं नसतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर स्वरालीनं आईला गच्चीत गाठलं.

"तुझं म्हणणं मला पटतं. पण तू हे आत्ताच का काढलंस? मावशीच्या नीलमच्या लग्नाला तू स्वतः अशा मांडवात दिवसभर वावरलीस. तेव्हा एका शब्दानं बोलली नाहीस."

"तेव्हा हणमंतचं झालं नव्हतं."

"आई, मी तुला ओळखते. काय लपवतेस?"

सुलभानं कठड्यावर हात टेकले. समोर अजिंक्यतारा काळोखात नुसता आकार उरला होता. मग तिनं सांगून टाकलं. छातीतली फडफड, घाटातलं ते वळण, सगळं.

स्वराली रडेल असं तिला वाटलं होतं. पोरगी रडली नाही. तिचा आवाज खाली आला. "आणि तू गाडी चालवतेस? बसभर माणसं घेऊन?"

सुलभाला हा प्रश्न वर्मी लागला. इतके दिवस तिनं हिशेब केला होता तो स्वतःच्या नोकरीचा. मागं झोपलेली माणसं त्या हिशेबात आलीच नव्हती. आणि ज्या अभिमानावर ती उभी होती तो त्या माणसांच्या झोपेवरच तर उभा होता.

"मला तुझा ठोका त्या पटात का हवा होता माहितीय?" स्वराली म्हणाली. "लहानपणी तुझी मुक्कामाची गाडी असायची. तू नसायचीस तेव्हा मी बाबांच्या कुशीत झोपायचे, आणि त्यांच्या छातीला कान लावून म्हणायचे की हा आईचा आवाज नाही. बाबा म्हणायचे, सगळ्यांच्या छातीत सारखंच वाजतं. सारखं नसतं गं, आई."

दुसऱ्या दिवशी सुलभानं रजा टाकली आणि हृदयरोगाच्या डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक ठिणगी टाकणारी जागा असते. तिच्या तालावर सगळं हृदय चालतं. सुलभाच्या हृदयात आणखी एक चुकार जागा तयार झाली होती आणि ती मधूनच आपली ठिणगी टाकायची. मग वरचा कप्पा नुसता थरथरायचा.

"यात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून दुर्लक्ष करून चालणार नाही. पण उपाय चांगला आहे. मांडीतल्या शिरेतून बारीक तार आत नेतात आणि ती चुकार जागा भाजून बंद करतात. तोवर गोळ्या घ्या. आणि गाडी चालवायची नाही."

"नंतर?"

"नंतर तपासणीत सगळं नीट निघालं, तर खुशाल चालवा."

दवाखान्यातून ती घरी गेली नाही. सरळ डेपोत गेली, व्यवस्थापक कणसे साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, माझ्या हृदयाच्या तालात बिघाड आहे. आज कळलं, आज सांगतेय. उपचार होईपर्यंत मला घाटाची गाडी देऊ नका. खरं म्हणजे मी आधीच यायला पाहिजे होतं."

कणसेंच्या नोकरीत अनेक चालकांचे आजार उघडकीला आले होते. पण कुणी आपल्या पायानं चालत येऊन सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी समोरची खुर्ची पुढं ओढली. "बसा, नलावडे बाई," ते म्हणाले. "नियंत्रण कक्षात तुमची सोय करतो. बरं होऊन या. विमावाल्यांशी मी बोलेन, आणि तुम्ही स्वतः सांगितलंत हे आधी बोलेन."

बाहेर आल्यावर तिला एकाच वेळी रडू येत होतं आणि मान ताठ झाल्यासारखंही वाटत होतं. तिथून ती मंगळवार पेठेत गेली.

तस्लीमनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण आता लपवायला काही उरलं नाही. मग कलमाचा हट्ट कशाला?"

"आता तर जास्तच हट्ट आहे. मी माझ्या तोंडानं, साहेबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. म्हणून त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. हेच त्यांना एखाद्या मांडवातल्या झालरीनं परस्पर कळवलं असतं, तर मी चोर ठरले असते. माझ्या छातीतली गोष्ट कुणाला सांगायची आणि कधी, हे माझं मला ठरवू दे. आणि मला ठरवता येतं, तर माझ्या पाहुण्यांनाही यायला पाहिजे."

तस्लीमनं मागच्या कपाटाकडं पाहिलं. काचेआड तिच्या वडिलांचे जुने कॅमेरे मांडलेले होते. "अब्बा दुकानाच्या काचेत कुणाचाही फोटो लावायचे नाहीत, त्या माणसाच्या घरी जाऊन विचारल्याशिवाय," ती म्हणाली. "फोटो त्यांनीच काढलेला असला तरी. गिऱ्हाईक हसायचं त्यांना. कंपनीचे कॅमेरे आले तेव्हा मी ते सगळं सोडून दिलं. सोपं होतं ना." तिनं काचेवरचा करार पुसून टाकला. "बसा. नवा लिहू."

मग दोघींनी खरोखरच भाजीबाजारातल्यासारखी घासाघीस केली.

"माझे स्वतःचे पाच कॅमेरे आहेत," तस्लीम म्हणाली. "कंपनीचे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर तेवढेच. मांडवाचे कोपरे सुटतील."

"सुटू देत."

"पंगती येणार नाहीत."

"जेवतानाची तोंडं कुणाला बघायचीत?"

"पट दुसऱ्या दिवशी मिळणार नाही. माझं इथलं यंत्र कंपनीच्या यंत्रापुढं बैलगाडी आहे. उन्हाळा सरेपर्यंत थांबावं लागेल."

इथं सुलभा अडली. तिला प्रमिलाताईंचा चेहरा दिसला. "त्यांना मी सांगते," ती शेवटी म्हणाली. "आता माझं ऐक. ज्यांना नको त्यांचा ठोका टिपायचाच नाही. नंतर पुसते म्हणालीस तर चालणार नाही."

हा खरा अवघड भाग होता. नाडी प्रत्येक चित्रात येते, मग ती न टिपायची कशी? तस्लीमनं विचार करून तोड काढली. चित्र कॅमेऱ्यातून बाहेर पडायच्या आतच चेहऱ्यावरची ती हिरव्या रंगाची लाट सपाट करून टाकायची. चेहरा तोच, हसू तेच, नाडी मात्र गेलेली. पुढं कितीही हुशार यंत्र आलं तरी त्याला ती सापडणार नाही. आणि ज्यांना आपला ठोका पटात हवा असेल त्यांनी दारात हळदी रंगाची एक फीत घेऊन मनगटाला बांधायची. फितीवरची बारीक नक्षी कॅमेरा ओळखेल आणि तेवढ्याच माणसाची लाट शाबूत ठेवेल. मध्येच फीत सोडली, तर त्या माणसाचे मागचे ठोकेही पुसले जातील.

"माझीही एक अट," तस्लीम म्हणाली. "फीत बांधायचा आग्रह कुणी कुणाला करायचा नाही. तुमच्याकडच्यांनी नाही, त्यांच्याकडच्यांनी नाही. नाहीतर काकू, तुम्हाला आपल्या लोकांचा आग्रह माहितीय."

सुलभा खळखळून हसली. "लिही. आणि खाली मोठ्या अक्षरात लिही की ठोका ज्याचा त्याचा."

सही करताना तिनं विचारलं, "कंपनी तुझ्यावर रागावेल ना?"

"बाहेरची त्यांची पाटी काढून नेतील. अब्बांची पाटी आहे ना वर."

प्रमिलाताईंना सांगायला सुलभा स्वतः फलटणला गेली, आजारासकट सगळं सांगितलं. आजाराचं ऐकून प्रमिलाताईंनी तिचा हात धरला, पण पट उशिरा येणार हे कळल्यावर तो सोडला. "दारात उभं राहून लोकांना परवानग्या विचारायच्या? भोइट्यांच्या घरात असं कधी झालं नाही." तेवढ्यात केदार आतून आला. "आई, मला तरी आवडेल, कुणीतरी विचारलेलं," एवढंच तो म्हणाला आणि चहाचा कप घेऊन परत आत गेला. लेकाचं ते वाक्य प्रमिलाताईंनी गिळलं. पण निरोप देताना त्यांनी सुलभाला नेहमीसारखं दारापर्यंत सोडलं नाही.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारात अक्षता आणि पेढ्यांशेजारी हळदी फितींची परडी ठेवली होती. सुरुवातीला लोक बिचकले. मग तस्लीमची मदतनीस मुलगी समजावून सांगू लागली तशी परडीभोवती गर्दी झाली. कुणी हौसेनं बांधली, कुणी नको म्हणून पुढं गेलं, आणि नको म्हणणाऱ्याला कुणी काही बोललं नाही. हणमंत जगदाळे आला. त्यानं परडीकडं पाहिलं, दोन्ही हात मागं घेतले आणि सुलभाला म्हणाला, "बाई, आज बेधडक नाचणार." आणि नवरदेवाच्या वरातीपुढं तो असा नाचला, की बँडवाल्यांना दम लागला.

प्रमिलाताईंनी आल्याआल्या सगळ्यांसमोर फीत बांधली. मुहूर्ताच्या थोडं आधी मात्र त्या हळूच खांबाआड गेल्या आणि गाठ सोडून फीत पर्समध्ये टाकली. वळल्या तर समोर सुलभा. दोघींची नजरानजर झाली.

"आमचं आम्हाला ठाऊक असलेलं बरं," प्रमिलाताई पुटपुटल्या.

"म्हणून तर परडी ठेवलीय, ताई," सुलभा म्हणाली आणि त्यांच्या पदराची निघालेली पिन नीट लावून दिली.

सुलभाच्या स्वतःच्या मनगटावर स्वरालीसारखीच फीत होती. तस्लीमनं तिला सकाळीच बाजूला घेऊन विचारलं होतं, "काकू, मध्ये ठोका चुकला तर पटात मी तो सरळ करून देऊ का? यंत्राला जमतं ते. कुणाला कळणार नाही."

"नको. तसाच असू दे. माझाच आहे तो."

मंगलाष्टकं झाली, हार घातले गेले. मग केदारच्या थोरल्या काकांनी माईक हातात घेऊन दोन्ही घराण्यांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. कोण इंजिनिअर, कोण बागायतदार, कोण साखर कारखान्याचे संचालक. नलावड्यांकडं आल्यावर ते म्हणाले, "मुलीचे वडील व्यावसायिक आहेत, आणि मातोश्री परिवहन खात्याशी संबंधित आहेत."

वधूवेशातली स्वराली खुर्चीतून उठली. मुंडावळ्या सावरत ती काकांपाशी गेली, वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या हातातला माईक घेतला.

"माझे बाबा मसाल्याची गिरणी चालवतात. आज जेवणात जो रस्सा आहे त्याचा मसाला त्यांनी स्वतः कांडलाय. आणि माझी आई ड्रायव्हर आहे. यंत्राला जो घाट जमत नाही तो ती चढवते. सध्या ती घाटात नाही, कारण तिच्या हृदयावर उपचार व्हायचेत आणि हे तिनं आपण होऊन डेपोत सांगितलंय. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना हे नीट माहीत असावं."

मग डेपोची माणसं बसली होती त्या बाजूनं शिट्टी आली आणि टाळ्या सुरू झाल्या. वसंत पंचा डोळ्यांना लावून हसत होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात प्रमिलाताई शेजारणीला म्हणाल्या, "केळघर घाट. येरागबाळ्याचं काम नाही ते."

लग्नानंतर पंधरवड्यात सुलभावर उपचार झाले. त्यानंतरच्या तपासण्या लांबल्या, विमा कंपनीनं दोनदा कागद परत पाठवले, कणसे साहेब दोनदा भांडून आले. उन्हाळा सरता सरता तिला योग्यतेचा दाखला मिळाला. त्याच आठवड्यात तस्लीमचा निरोप आला, की पट तयार आहे.

नलावड्यांच्या घरात सगळे जमले. फलटणहून केदार, स्वराली, प्रमिलाताई आल्या. तस्लीम स्वतः पट घेऊन आली होती. लयबिंदूची पाटी गेल्यावर तिची दोन-तीन मोठी लग्नं तुटली होती. पण हल्ली येणारी गिऱ्हाइकं आधी परडीचं विचारतात, असं ती सांगत होती. कोपरे सुटले होते, पंगती नव्हत्या, प्रमिलाताईंच्या भावकीतली काही मंडळी चौकटीत निम्मीच दिसत होती. त्यांनी त्याबद्दल एकदा नापसंतीचा आवाज काढला, मग स्वतःची साडी छान दिसतेय म्हणाल्या.

कडं आधी स्वरालीनं घातलं. पडद्यावर अक्षता टाकायला हात उचललेली आई दिसली तसं तिनं चित्र थांबवलं आणि त्यातला ठोका तेवढा चालू ठेवला. बराच वेळ ती मनगट धरून बसली. मध्येच तिची भुवई हलली. ठोका चुकला असावा. आईच्या खांद्यावर तिनं डोकं टेकलं.

"दे इकडं," थोड्या वेळानं सुलभा म्हणाली. "मला तुझा बघायचाय."

"कुठला? हार घालतानाचा?"

"माईक घेतलास तेव्हाचा."

तस्लीमनं तो प्रसंग लावला. सुलभानं कडं चढवलं. पडद्यावर स्वराली काकांच्या दिशेनं चालत निघाली होती. एवढे मोठे लोक समोर, सासरची सगळी माणसं बसलेली, लग्न लागून अर्धा तास झालेला. पोरीच्या छातीत त्या वेळी काय कालवाकालव झाली असेल, या विचारानं सुलभानं श्वास रोखला.

मनगटावर ठोके पडू लागले. संथ, भरीव, एकामागून एक, चढणीला लागलेल्या चांगल्या गाडीसारखे. "माझी आई ड्रायव्हर आहे," हे वाक्य आलं आणि गेलं. ठोका जराही हलला नाही.

सुलभानं ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"काय गं आई, काही चुकलंय का?"

"काही नाही चुकलेलं." सुलभानं कडं काढून वसंतच्या हातात दिलं. "बघा तुम्ही पण. आपली लेक आहे."

वसंतनं कडं घातलं आणि डोळे मिटले. सुलभा उठली. दुपारच्या गाडीची वेळ होत आली होती आणि खाकी गणवेश इस्त्री करून दारामागं टांगलेला होता.

"आज निघता?" प्रमिलाताईंनी विचारलं. "महाबळेश्वरला?"

"हो."

"थांबा मग. मी येते," असं म्हणून त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. "पुढच्याच सीटवर बसेन."

"बसा की," सुलभा म्हणाली. "फक्त घाटात झोप लागली तर मला दोष देऊ नका."

आणि मान ताठ ठेवून ती गणवेश बदलायला आत गेली.